एरंडेल, चरबी आणि तुपातला रवा

श्रीधर,

तू गेलास आणि लोकांनी तुला ताबडतोब सज्जन करून टाकलं.

इथल्या मराठी मंडळाच्या शोकसभेत सेक्रेटरी माइकपाशी उभे राहिले आणि म्हणाले, "श्रीधरराव म्हणजे शांत, मितभाषी, सर्वांशी जुळवून घेणारं व्यक्तिमत्त्व." मी पहिल्या रांगेत होते. एका बाजूला पुण्याहून आलेले तुझे धाकटे बंधू, मुकुंदभावजी, मान खाली घालून. दुसऱ्या बाजूला आपली सायली, रुमाल तोंडाशी धरून. मला क्षणभर वाटलं, आपण चुकून दुसऱ्याच कुणाच्या सभेला येऊन बसलोय. मग हार घातलेला फोटो पाहिला. फोटो तुझाच होता.

शांत? फोडणीत मोहरी आधी की हिंग आधी यावर वाद घालून अख्खं जेवण थंड करणारा तू! जुळवून घेणारा? गाडीतला एसी किती ठेवायचा यावर सोहारपासून मस्कतपर्यंत माझ्याशी भांडणारा तू! मी उठले. "माइक द्या जरा," म्हटलं. मंडळाची नाटकं मी बसवत आलेय, माझ्या हातातून माइक काढून घ्यायची कुणाची छाती नाही.

"श्रीधर शांत नव्हता," मी म्हणाले. "भांडखोर होता. आमचं शेवटचं भांडण अजून मिटलेलं नाही. बंदुकीच्या काडतुसात काय भरावं, यावरचं ते भांडण आहे."

मुकुंदभावजींनी डोळे मिटून घेतले. सकाळीच त्यांनी मला बजावलं होतं, "वहिनी, बंदुकीचं तेवढं काढू नका. परक्या देशात आहात. लोक भलताच अर्थ काढतील."

काढू देत. आता सगळं नीट सांगते. तुला हे माहीत आहे असं म्हणू नकोस. तुझ्या आठवणीत दर वेळी तूच बरोबर असायचास. एकदा माझ्या बाजूने ऐक. मध्ये बोलायची सोय राहिलेली नाही, ही संधी मी सोडणार नाही.

अबू सालिम तुझ्या कारखान्यात आले ते पंपाचा एक भाग ओतून घ्यायला. इब्रीजवळ त्यांचा मजरा, म्हणजे खजुराची बाग, विहीर, मागे डोंगर. काम सांगून झाल्यावर त्यांनी दिशदाशाच्या, म्हणजे इथल्या पायघोळ अंगरख्याच्या, खिशातून एक पितळी पुंगळी काढून तुझ्या टेबलावर उभी केली. अंगठ्याहून जाड आणि बोटभर लांब. त्यांच्या आजोबांची बंदूक बैठकीच्या भिंतीवर होती, तिचे कागद सरकारदरबारी व्यवस्थित होते, रिकाम्या पुंगळ्याही होत्या. फक्त काडतुसं संपली होती. "मुहन्दिस," ते तुला म्हणाले, इथे इंजिनियरला तसंच म्हणतात, "तू धातू वितळवतोस. माझ्या आजोबांची बंदूक मुकी झालीय. तिला बोलती कर."

त्या संध्याकाळी तू घरी आलास तेव्हा तुझा चेहरा आपल्या लग्नातल्या फोटोत आहे तसा दिसत होता. खरं तर त्याहून बरा.

परवाना त्यांचा, बंदुकीची दारू त्यांची, काम त्यांच्या मजऱ्यावरच्या खोलीत आणि त्यांच्या डोळ्यांसमोर. आपल्या घरी आला तो फक्त वाद.

एका शुक्रवारी सकाळी तू रिकामी पुंगळी घेऊन स्वयंपाकघरात आलास.

"शैला, रवा आहे?"

"शिरा हवाय का?"

"जाडा आहे की बारीक?"

"शिऱ्याला जाडाच लागतो."

"शिऱ्याला नकोय. बंदुकीला हवाय."

मग ओट्याला टेकून तू मला शिकवलंस. म्हातारी बंदूक, तिला पूर्ण ताकदीने दारू द्यायची नाही. पण दारू कमी घातली की पुंगळीत जागा रिकामी राहते आणि काळ्या दारूला रिकामी जागा चालत नाही. म्हणून दारू आणि गोळी यांच्यामध्ये काहीतरी हलकं, कोरडं, निरुपद्रवी ठासायचं. तू रवा पसंत केला होतास. मी रवा आणला की किडे होऊ नयेत म्हणून कोरडाच भाजून डब्यात भरते, हे कळल्यावर तर तुला आनंदाचं भरतं आलं. "म्हणजे ओलसरपणाही गेला! अगं, तू इतकी वर्षं नकळत काडतुसाचं भरणच तयार करत होतीस!"

कुठल्या बायकोची इतकी तारीफ झाली असेल?

गोळ्या तू ओतायचास, उडवायचे मी. हे कुणाला खरं वाटत नाही. पण तुझी गंमत अशी की बंदूक उडायच्या आधीच तू डोळे मिटायचास आणि गोळी डोंगराच्या दिशेने गेली की तुला धन्यता वाटायची. मी कॉलेजात एनसीसीत होते. अबू सालिमांनी एकदा शेजारी उभं राहून मला बंदूक धरायला दिली, उतारावर चुना फासलेला एक दगड दाखवला आणि दगडाचा टवका उडालेला पाहून तुला म्हणाले, "मुहन्दिस, तू शिसं ओत. नेम उम्म सायलीकडे राहू दे." उम्म सायली म्हणजे सायलीची आई. त्या मजऱ्यावर मला दुसरं नाव नव्हतंच. दुसरा एखादा नवरा हिरमुसला असता. तू परतताना गाडीत शीळ घालत होतास. यासाठी मी तुझे आभार कधी मानले नाहीत. आता मानते. पटकन मानते, कारण पुढे मला तुला बरंच सुनवायचंय.

खरं भांडण लागलं ते वंगणावरून. नुसत्या शिशाची गोळी घासत गेली की नळीला शिसं चिकटतं आणि काळ्या दारूची काजळी आत घट्ट बसते. म्हणून गोळीच्या कमरेला खाचा असतात आणि खाचांत वंगण भरतात. अबू सालिम सहज म्हणाले, आजोबा मेणात मेंढीची चरबी मिसळायचे.

तुझ्या चेहऱ्यावर तुझे सगळे पूर्वज रांगेने येऊन उभे राहिले.

"चरबी? मी हात लावणार नाही."

"मी लावते. मालवणच्या पोरीला चरबीचं काय?"

"पण गोळीला लागणार ना ती."

"श्रीधर, तू गोळी मारायला करतोयस, खायला नाही."

"तत्त्वाचा प्रश्न आहे."

"हा प्रश्न अठराशे सत्तावनला होऊन गेला."

अबू सालिमांना यातलं काही कळलं नाही. पण आपले आवाज ऐकून त्यांनी शांतपणे तिघांचा कहवा मागवला आणि बैठक मारून बसले. त्यांना आपली भांडणं फार आवडायची.

तू मेणात एरंडेल घातलंस. लहानपणी आईने नाक दाबून पाजलेल्या एरंडेलाचा सूड तू एका मुक्या बंदुकीवर उगवलास. मी म्हटलं, इथल्या उन्हात तेल मेणातून सुटेल, खाली उतरेल आणि दारू भिजवेल. तू म्हणालास, मेण धरून ठेवतं, आणि वितळायचंच तर तुझी चरबी काय कमी वितळते? अबू सालिमांनी दोघांकडे पाहून मान हलवली. ती कुणाच्या बाजूने, हे आपण दोघांनीही आपापल्या सोयीने घेतलं.

आणि हेही खरं, की चरबीला हात न लावणारा तू, मी बांगडे तळत असताना गॅलरीत पेपर वाचत बसायचास आणि इतक्या वर्षांत एकदाही नाक मुरडलं नाहीस. "तुझं तू खा, माझं मी खातो," एवढंच. तुझं तत्त्व तुझ्या ताटापुरतं होतं. गोळीही तुझ्या ताटात कधी आली, ते मला कळलंच नाही.

मग अबू सालिमांच्या पुतण्याचं लग्न आलं. दिवाळी नुकतीच झाली होती, म्हणजे इथे अजून ऊन तापतच होतं. त्यांच्या घरी द्यायला मी लाडू करायला घेतले होते. तुपावर रवा भाजून ठेवला होता, पाक दुसऱ्या दिवशी करायचा होता. बिस्किटांचे दोन सारखे डबे. एकात कोरडा भाजलेला रवा, दुसऱ्यात तुपातला. तुला सर्दी झाली होती. तू डबा उचललास, वास काही तुला आला नाही, आणि मजऱ्यावर जाऊन लग्नाची काडतुसं भरून मोकळा झालास. हाताला मऊ लागला तर म्हणे तुला वाटलं, या वेळी रवा चांगल्या प्रतीचा आहे! दुसऱ्या दिवशी मी कोरड्या रव्याचे लाडू वळायला बसले तेव्हा डब्यांची अदलाबदल लक्षात आली. पण तुला फोन लागेना.

मी मजऱ्यावर पोचले तेव्हा उशीर झाला होता. बायकांच्या अंगणातून मला उतारावरचं सगळं दिसत होतं. पांढऱ्याशुभ्र दिशदाशांतले पुरुष, मध्ये अबू सालिम, खांद्याला आजोबांची बंदूक.

फुस्स.

तू लगेच हात वर केलास. सगळ्यांना मागे सारलंस, वेळ जाऊ दिलास, मग नळीत अडकलेली गोळी गजाने ढकलून बाहेर काढलीस. तेवढ्या वेळात कुणी हसलं नाही, कारण तुझा चेहरा हसण्यासारखा नव्हता. तुझा तो चेहरा मी फारच कमी वेळा पाहिलाय. तू दुसरं काडतूस दिलंस.

पुन्हा फुस्स. आणि मग वाऱ्यावर वास आला. तुपात भाजलेल्या रव्याचा, खमंग. माझ्या शेजारच्या बायकांनी माना वर केल्या. "हलवा करतायत का कुठे?" मी हातातली कहव्याची वाटी खाली ठेवली. पुरुषांतला एक दात पडलेला म्हातारा काका मोठ्याने म्हणाला, "बंदूक कधीची उपाशी होती. मुहन्दिसने तिला जेवू घातलं!" आणि मग डोंगर हसला. नवरदेव हसला. अबू सालिम दगडावर बसून हसले.

परतीच्या रस्त्यावर आपण मात्र हसलो नाही.

"तुझं तूप."

"तुझं एरंडेल."

"वास तुपाचा आला."

"वास आला म्हणून गुन्हा सिद्ध होतो? एरंडेलाचा वास आला नाही म्हणून ते सज्जन?"

उरलेलं एक काडतूस तू उघडून पाहिलं होतंस. आत दारूचं तेलकट ढेकूळ. उतारावर भर उन्हात ती पेटी तापली होती. पण ते तेल वरून उतरलेलं की रव्यातून आलेलं, हे ढेकूळ काही सांगेना. दोन आरोपी एकाच खोलीत सापडले होते आणि दोघांनीही एकमेकांकडे बोट दाखवलं होतं.

म्हणून या हिवाळ्यातली कसोटी ठरली. रवा दोघांचाही कोरडा, मी स्वतः हुंगलेला. तुझी काडतुसं एरंडेलाची, माझी चरबीची, दोन्ही भरून मजऱ्यावर ठेवलेली. उडवायची मी, साक्षीदार अबू सालिम. जो हरेल त्याने त्यांच्यासमोर दुसऱ्याला दोन शब्द म्हणायचे: "तुझं बरोबर." संसारात आपण एकमेकांना सगळं काही म्हणालो, सायलीच्या जन्माच्या वेळी तर मी तुला काय काय म्हणाले! पण हे दोन शब्द दोघांच्याही तोंडून कधी निघाले नव्हते. आपण दोघं त्या दिवसाची लहान मुलांसारखी वाट पाहत होतो.

आणि तू कारखान्यात जेवायला बसलास, डबा उघडलास आणि गेलास. कुणी म्हणतात त्रास झाला नाही, कुणी म्हणतात कळलंसुद्धा नसेल. डब्यात काय होतं ते मला माहीत आहे. ते मी इथे लिहिणार नाही.

माझा व्हिसा तुझ्या नोकरीला बांधलेला. तू संपलास की इथली मीही खलास. तेवढी सामान आवरायची मुदत मिळाली. कपाटं रिकामी होत होती, शेजारच्या बायका डबे आणत होत्या, मुकुंदभावजी कागद जमवत होते, आणि अबू सालिमांचा फोन आला. ते थोडं रडले. मग म्हणाले, "दोन्ही पेट्या इथेच आहेत. त्याची आणि तुझी. काय करू?"

"हात लावू नका," मी म्हणाले. "मी येते."

घरात जे झालं ते तू पाहायला हवं होतंस.

"वहिनी, अहो दुखवटा आहे," भावजी म्हणाले.

"दुखवटा मलाच आहे, भावजी. तो कुठे नेऊन पाळायचा ते मी बघते."

"आई, सीरियसली?" सायली म्हणाली. "आत्ता तर तेरावा झाला. लोक... आय मीन, लोक काय म्हणणार?"

"मितभाषी म्हणणार नाहीत एवढं नक्की."

सायलीने किल्ल्या उचलल्या. "मी चालवते. बट मी ती बंदूक वगैरे नाही बघणार हं. मी गाडीत बसणार."

अबू सालिम फाटकापाशीच उभे होते. त्यांच्यात नवरा गेल्यावर बाई काही महिने घराबाहेर पडत नाही. मला गाडीतून उतरताना पाहून ते गडबडले. नजर जमिनीकडे ठेवून हळूच म्हणाले, "उम्म सायली, तुमच्यात बसत नाहीत?"

"बसवतात," मी म्हणाले. "मी उठले."

त्यांनी मान वर केली. माझ्याकडे नीट पाहिलं. मग आत वळून हाक मारली, "यल्ला, बंदूक काढा!"

टेबलावर दोन्ही पेट्या उघडल्या. तुझी काडतुसं एका उंचीची, पुसलेली, परेडला उभी असल्यासारखी. माझी म्हणजे घाईत केलेल्या करंज्या. गार वारा सुटला होता, अबू सालिमांनी दिशदाशावर जाड कोट चढवला होता. मी आधी माझं भरलं. धडाम. धूर, खांद्याला दणका, दगडाचा टवका. चरबी उत्तम! मी विजयी मुद्रेने मागे वळले आणि मग आठवलं की मागे कुणी नाही.

मग तुझं हातात घेतलं.

आणि श्रीधर, मला ते बंदुकीत घालवेना. त्या पितळेत जे होतं ते तुझ्या बोटांनी ठासलेलं होतं. उडालं की तुझ्या हातचं एक कमी होणार. आणि नाही उडालं, फुस्स झालं, तर मी जिंकणार. त्या जिंकण्याचं मी काय करू? कुणाला चिडवू? आयुष्यात पहिल्यांदा मी तुझ्या एरंडेलाच्या बाजूने उभी होते आणि त्याचा मला इतका राग आला की मी ते घातलं, नेम धरला आणि चाप ओढला.

धडाम! माझ्यापेक्षा मोठा आवाज, हे मी अबू सालिमांपुढे नाकारलंय, पण इथे लिहिते. दगड मधोमध फुटला. गाडीत बसणार होती ती सायली माझ्यामागे उभी होती. ती टाळ्या वाजवत होती आणि हुंदके देत होती, दोन्ही एकदम. "बाबाचं होतं ना हे? बाबाचं होतं ना?"

अबू सालिमांनी नळी उजेडाकडे धरून आत पाहिलं, पांढरा कपडा ओढून काढला, मला दाखवला. मऊ काजळी होती, शिसं नव्हतं. "साफ," ते म्हणाले. मग बंदूक आडवी ठेवून हात बांधून उभे राहिले. ते त्या दोन शब्दांची वाट पाहत होते. साक्षीदार म्हणून नेमलेला माणूस, कर्तव्याला चुकणार नव्हता.

माझ्या ओठांवर आले होते ते. खरंच आले होते. पण म्हणून टाकले असते तर सगळंच मिटलं असतं, अरे. शोकसभा झाली, तेरावा झाला, कपाट रिकामं झालं, व्हिसा संपला. उरलं होतं ते एवढं एक भांडण.

मी आभाळाकडे पाहिलं. त्यांच्या कोटाकडे पाहिलं.

"अबू सालिम," मी म्हणाले, "आज थंडी आहे."

"हो."

"थंडीत एरंडेल पळत नाही. लग्नाच्या वेळी ऊन होतं. हा निकाल धरता येणार नाही."

ते असे हसले की त्यांना खाली बसावं लागलं, त्या लग्नातल्यासारखं. डोळे पुसले, पुन्हा हसले, पुन्हा पुसले. "मग कधी?"

"जूनमध्ये."

त्यांनी दोन्ही पेट्यांतून एकेक काडतूस वेगळं काढलं, तुझं उजवीकडे, माझं डावीकडे, आणि एसी नसलेल्या मागच्या खोलीतल्या कपाटात कुलूप लावून ठेवलं. "जूनमध्ये मी स्वतः उडवीन," ते म्हणाले. "आणि फोन करीन. इन्शाल्ला, खरं तेच सांगेन."

आता घरात खोकी आहेत. मुकुंदभावजी माझ्याशी जपून बोलतात. माझ्या उजव्या खांद्यावर निळं पडलंय, दोन धक्क्यांचा एकच वळ. त्यातला अर्धा तुझा. कालपासून तो कडेने पिवळा व्हायला लागलाय, म्हणून मी त्याला कुणालाही काही लावू देत नाही.

जूनमध्ये मी मालवणला असेन. फोन वाजेल. तुझं नीट उडालेलं असेल तर मी ते दोन शब्द म्हणेन. अंगणात उभी राहून, मोठ्याने, शेजारी ऐकतील अशी, माइक मिळाला तर माइकवर. पण तोपर्यंत नाही. भांडण अर्धवट टाकून उठणाऱ्याला मी असं सहजासहजी जिंकू देणार नाही.

जूनपर्यंत तू चूक आहेस, श्रीधर. कुठे जाऊ नकोस.